पिकाची किंमत आणि जागेचा भाव

जमिनीला दोन किमती असतात. ती काय पिकवते यावरून ठरणारी एक, आणि ती विकावयास काढली तर काय येईल यावरून ठरणारी दुसरी. गाव शहरापासून दूर असते तोवर या दोन किमतींत फारसे अंतर पडत नाही. परंतु शहर वाढत वाढत शिवाराला येऊन भिडले, की पहिली किंमत होती तेथेच राहते आणि दुसरी पाहता पाहता दसपट, वीसपट होते. अशा वेळी त्या जमिनीवर कर बसवावयाचा तो कोणत्या किमतीवर? प्रश्न वरकरणी हिशेबाचा दिसतो. वास्तविक तो न्यायाचा आहे. कारण शेतकऱ्याने शेतात टिकावे की तेथून उठावे, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावरच अवलंबून राहते.

या विषयाकडे आमचे लक्ष वळण्यास एक घरगुती निमित्त घडले. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांचा मुलगा अमेरिकेत टेक्सास राज्यात असतो. नोकरी शहरात, पण आजोळच्या शेताची ओढ सुटलेली नाही. त्याने शहरापासून तासाभराच्या वाटेवर वीस एकरांचे एक कुरण विकत घेतले. मूळ मालकाची गुरे तेथे वर्षानुवर्षे चरत असत. व्यवहार झाला, मालक आपली गुरे घेऊन गेला, आणि आमच्या या तरुण मित्राने मोकळ्या कुरणाकडे पाहत समाधानाने पहिला हिवाळा काढला. पुढल्या ऑक्टोबरात कराचे बिल आले, तेव्हा मात्र तो हबकला. मूळ मालकाने भरलेल्या रकमेच्या कित्येक पट ते होते! 'जमीन तीच, गवत तेच, मग कर कसा वाढला?' असे त्याने वडिलांना विचारले आणि वडिलांनी आम्हांस. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत. तेव्हा हे उत्तर सर्वांसमोर मांडणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते. शिवाय त्यात आपल्या मुलखालाही काही सांगण्यासारखे आहे.

सवलत कशी जन्मास आली

अमेरिकेत जमीन व घरे यांवरील कर हा मुख्यतः स्थानिक कर आहे. टेक्सासात तर राज्य सरकार असा कर मुळी घेतच नाही. तो घेतात त्या काउंट्या, शाळामंडळे, नगरे आणि अशाच इतर स्थानिक संस्था. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा किंवा तालुका. टेक्सासात अशा २५४ काउंट्या आहेत. कराचा सामान्य नियम साधा आहे. १ जानेवारी रोजी मालमत्तेची बाजारात जी किंमत असेल तिच्यावर ठरलेल्या दराने कर द्यावयाचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील शहरे उपनगरांच्या रूपाने चहूकडे पसरली, आणि हा साधा नियम शेतकऱ्याच्या गळ्याशी आला. शेजारच्या शेतात घरे उठली म्हणून याच्या शेतातील मका काही जास्त पिकत नाही. पण बाजारभाव वाढला म्हणून कर मात्र वाढतो. उत्पन्न गव्हाचे आणि कर घरबांधणीच्या भूखंडाचा, अशी ही ओढाताण होती. ज्याला जमीन विकावयाची नाही, त्याला कराने विकावयास लावावे असा तो प्रकार झाला. यावर उपाय म्हणून १९५६ साली मेरीलंड राज्याने शेतजमिनीची आकारणी तिच्या शेतीच्या मूल्यावर करण्याचा कायदा केला. इतर राज्यांनी तोच मार्ग धरला, आणि आज पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपात ही व्यवस्था आहे.

टेक्सासात ती दोन टप्प्यांनी आली. १९६६ साली राज्याच्या घटनेत दुरुस्ती झाली, ती फक्त खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यासाठी. मालक ही जिवंत व्यक्ती हवी आणि शेती हाच तिचा मुख्य व्यवसाय व उत्पन्नाचे साधन हवे, अशी अट होती. १९७८ साली दुसरी दुरुस्ती झाली आणि दृष्टी बदलली. मालक कोण आहे हे पाहू नका, जमीन कशी वापरली जाते ते पाहा, असे ठरले. मालक डॉक्टर असो, कारकून असो की एखादी कंपनी असो; जमीन शेतीच्या कामी लागत असेल तर तिला सवलत मिळते. आज बहुतेक अर्ज या दुसऱ्या तरतुदीखालीच होतात.

जमीन पात्र केव्हा ठरते

या तरतुदीच्या मुख्य अटी तीन आहेत. पहिली अशी, की चालू वर्षी जमीन प्रामुख्याने शेतीसाठी वापरात असली पाहिजे. शेती या शब्दात पीक काढणे, गवत कापणे, गुरे-मेंढ्या पाळणे, हे सर्व येते. पिकाची फेरपालट म्हणून रान एखादे वर्ष पड ठेवले तरी चालते, आणि दुष्काळात गुरे हलवावी लागली तर त्यासाठीही कायद्यात सोय आहे. घराखालची जागा मात्र यात धरली जात नाही.

दुसरी अट प्रमाणाची आहे. त्या भागात सामान्यतः जितक्या प्रमाणावर ती शेती केली जाते, तितक्या प्रमाणावर ती झाली पाहिजे. वीस एकरांत एक बकरी बांधली आणि शेत झाले, असे होत नाही. हे प्रमाण राज्याच्या कायद्यात आकड्यांनी दिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. पावसाच्या पूर्वेकडील पट्ट्यात जेवढ्या कुरणावर एक गाय पोसते, तेवढ्यावर पश्चिमेकडील रखरखीत मुलखात ती उपाशी मरेल. म्हणून काउंटीतील मूल्यनिर्धारण कार्यालय आपापल्या भागापुरते नियम आखते: किती एकरांस किती गुरे, किमान क्षेत्र किती, कुंपण व पाणी कसे असावे, इत्यादी. जमीन घेण्यापूर्वी हे नियम मागवून वाचणे हे शहाणपणाचे पहिले पाऊल होय.

तिसरी अट इतिहासाची आहे. मागील सात वर्षांपैकी पाच वर्षे जमीन शेतीत असली पाहिजे. नगराच्या हद्दीतील जमिनीस याहून कडक कसोटी लागते. हा इतिहास जमिनीचा असतो, मालकाचा नव्हे. मूळ मालकाने केलेली वर्षे नव्या मालकाच्या हिशेबात धरता येतात.

परंतु इतिहास जमिनीबरोबर येतो, अर्ज येत नाही. मालकी बदलली की नव्या मालकाने काउंटीच्या मुख्य मूल्यनिर्धारकाकडे नव्याने अर्ज करावा लागतो, आणि तो १ मेच्या आत. त्यानंतरही वर्षाची मूल्यांकन-यादी कायम होईपर्यंत उशिराचा अर्ज घेतला जातो, पण मग सवलतीने जेवढा कर वाचेल त्याच्या दहा टक्के दंड पडतो. अर्ज एकदा मंजूर झाला, की मालकी किंवा वापर बदलेपर्यंत सामान्यतः पुन्हा करावा लागत नाही. नामंजूर झाला तर मूल्यांकन-फेरविचार मंडळापुढे तक्रार करता येते आणि त्यापुढे न्यायालयातही जाता येते.

आमच्या मित्राची चूक आता वाचकांच्या ध्यानी आली असेल. त्याने दोन्ही गोष्टी गमावल्या. गुरे गेली म्हणून वापर थांबला, आणि सवलत जमिनीला चिकटलेली आहे असे समजून त्याने अर्जही केला नाही.

आकारणीचा हिशेब

सवलत म्हणजे करमाफी, असा एक गैरसमज तेथील लोकांतही आहे. ही माफी नव्हे. दर तोच राहतो. ज्या किमतीवर तो लावावयाचा ती किंमत निराळ्या रीतीने काढतात. रीत अशी: त्या प्रकारच्या जमिनीस गेल्या पाच वर्षांच्या ठरावीक काळात सरासरी निव्वळ उत्पन्न किती मिळाले ते पाहावयाचे, आणि त्याला एका ठरावीक दराने भागावयाचे. हा दर दहा टक्के, किंवा टेक्सासच्या फार्म क्रेडिट बँकेच्या व्याजदरात अडीच टक्के मिळवून येणारा आकडा, यांपैकी जो मोठा असेल तो धरतात. भागण्यामागील विचार सोपा आहे. दहा टक्के व्याजाने शंभर रुपये ठेवले तर वर्षाला दहा रुपये येतात. तेव्हा वर्षाला दहा रुपये देणाऱ्या वस्तूची किंमत शंभर रुपये धरावी.

आता एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. वीस एकर कुरणाचा बाजारभाव एकरी २०,००० डॉलर, म्हणजे एकूण ४,००,००० डॉलर. सर्व स्थानिक संस्थांचा मिळून कर शेकडा दोन धरला, तर वर्षाचा कर ८,००० डॉलर होतो. तेच कुरण चराईसाठी खंडाने दिले आणि खर्च वजा जाता एकरी १० डॉलर उरले, तर दहा टक्क्यांनी भागून शेतीची किंमत एकरी १०० डॉलर, वीस एकरांची २,००० डॉलर, आणि कर अवघा ४० डॉलर. ज्या जमिनीचे वर्षाचे निव्वळ उत्पन्न २०० डॉलर, तिच्यावर ८,००० डॉलर कर! केवळ चराईवर पोट भरणारा मनुष्य असा कर किती वर्षे भरू शकेल? सवलतीची गरज का पडली, हे सांगण्यास याहून वेगळा युक्तिवाद नको.

परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ७,९६० डॉलर वाचत असतील, तर त्यासाठी चार गाई भाड्याने आणून बांधण्याचा मोह कोणासही होईल. म्हणून कायद्याने मागे वळून वसुली करण्याची तरतूद ठेवली आहे. जमीन शेतीतून काढून तिच्यावर घरे वा दुकाने उठवली, तर मागील तीन वर्षांत बाजारभावाने जो कर झाला असता आणि प्रत्यक्षात जो भरला, त्यांतील फरक भरावा लागतो. आमच्या उदाहरणात तो २३,८८० डॉलर होईल. पूर्वी ही वसुली पाच वर्षांची असे आणि तिच्यावर व्याजही चढे. २०१९ साली वर्षे तीन झाली व व्याज कमी झाले. २०२१ साली व्याज पुरतेच काढून टाकण्यात आले. ही वसुली वापर बदललेल्या भागापुरतीच असते.

गुरांवाचूनही काही वाटा आहेत. ५ ते २० एकरांच्या लहान क्षेत्रावर मधमाश्या पाळणे हीदेखील शेतीच, असे २०११ च्या कायद्याने मान्य केले. १९९५ साली मतदारांनी आणखी एक दार उघडले. ज्या जमिनीस शेतीची आकारणी आधीच लागू आहे, तिच्यावर शेतीऐवजी वन्यजीवांचे संगोपन केले तरी आकारणी तीच राहते. त्यासाठी अधिवासाची निगा, धूप थांबवणे, हिंस्र प्राण्यांचा बंदोबस्त, पाण्याची सोय, खाद्याची सोय, निवाऱ्याची सोय आणि प्राण्यांची गणना, या सात कामांपैकी निदान तीन करावी लागतात.

इतर राज्यांच्या अटी निराळ्या आहेत. न्यू जर्सीत १९६४ च्या कायद्याने निदान ५ एकर क्षेत्र, मागील दोन वर्षे शेती आणि वर्षाला ५०० डॉलरची विक्री अशी कसोटी लावली. विक्रीचा आकडा २०१३ च्या कायद्याने १,००० डॉलर केला. म्हणजे तेथे जमिनीने काय दिले याचा पुरावा मागतात. कॅलिफोर्नियाने १९६५ साली कराराचा मार्ग काढला. मालकाने दहा वर्षे जमीन शेतीतच ठेवण्याचे लिहून द्यावयाचे, आणि त्याच्या मोबदल्यात कर कमी घ्यावयाचा. तो करार वर्षागणिक आपोआप पुढे सरकतो.

आपल्या मुलखातील अनुभव

हे सर्व वाचताना आम्हांस राहून राहून आठवण झाली ती दख्खनच्या जमीन-मोजणीची. पेशवाई गेल्यानंतर पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नावर सारा बसवण्याचा प्रयोग केला. निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, हे त्याचे सूत्र. सूत्र शास्त्रशुद्ध होते. पण प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न नेमके काढणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे ठरले. सारा डोईजड झाला आणि रयत जमिनी टाकून निघून गेली. पुढे १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी आकारणी केली. जमिनीची प्रत, पूर्वीच्या वसुलीचा अनुभव आणि भागाची एकंदर परिस्थिती पाहून माफक सारा ठरवावा, तो तीस वर्षे वाढवू नये, आणि शेतकऱ्याने स्वतःच्या कष्टाने केलेल्या सुधारणेवर फेरआकारणीतही कर बसवू नये, अशी ती पद्धत होती. टेक्सासातील हिशेबही निव्वळ उत्पन्नाचाच आहे. पण प्रत्येक शेताचे उत्पन्न मोजण्याऐवजी त्या भागातील खंडाचा चालू दर पाहून प्रिंगलची अडचण त्यांनी पुष्कळशी टाळली आहे.

वापर बदलला की आकारणी बदलावी, हे तत्त्वही आपल्याला नवे नाही. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने शेतीची जमीन बिनशेती कामासाठी वापरण्यापूर्वी कलेक्टरची परवानगी घेण्याचा आणि तिची आकारणी बदलण्याचा नियम घातला. टेक्सासने पहिली दुरुस्ती केली त्याच १९६६ साली आपली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता झाली, आणि वापरानुसार आकारणीचे हे तत्त्व तिनेही राखले. सातबाराच्या उताऱ्यातील बारा नंबरचा भाग दर हंगामात कोणते पीक उभे होते ते सांगतो. टेक्सासचा मालक छायाचित्रे, पावत्या व खंडाचे कागद घेऊन जे सिद्ध करू पाहतो, ते आपल्याकडे गावच्या दप्तरातच नोंदलेले असते.

एका बाबतीत मात्र दोन्ही वाटा उलट दिशांना गेल्या. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसेल त्याची जमीन या न्यायाने कुळे मालक झाली. जमीन दुसऱ्यास कसावयास दिली की ती हातची जाईल, हे भय तेव्हापासून आपल्या मालकवर्गाच्या मनात बसले आहे. टेक्सासात जमीन शेजारच्या गुराख्यास खंडाने देणे हा सवलत टिकवण्याचा राजमार्ग आहे. आमच्या मित्राच्या वडिलांना ही गोष्ट पटवून देण्यास आम्हांस बराच वेळ लागला!

सवलत कोणासाठी

आता मुख्य प्रश्न. ही व्यवस्था न्याय्य आहे काय? ज्या १८७९ साली आपला महसूल कायदा झाला, त्याच साली हेन्री जॉर्ज या अमेरिकन विचारवंताचा 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ निघाला. त्याचे म्हणणे असे, की जागेचा भाव मालकाच्या श्रमाने वाढत नाही, समाजाच्या वाढीने वाढतो. म्हणून ती वाढ समाजाने करातून परत घ्यावी. या दृष्टीने पाहता शेतीची सवलत उलट टोकाची ठरते. शाळांना व रस्त्यांना लागणारा पैसा तर ठरलेला असतो. तो एकाने कमी दिला की दुसऱ्याने अधिक द्यावा लागतो. गाई चारणारा भूखंड-व्यापारी ४० डॉलर भरतो आणि त्याच रस्त्यावरील शिक्षकाच्या लहानशा घरावर पुऱ्या किमतीने कर बसतो, हे दृश्य सुखद नाही. तीन वर्षांची वसुली ही मोठ्या विक्रीच्या नफ्यापुढे किरकोळच होय.

हा आक्षेप खोटा नाही. तरीपण त्यावर उपाय म्हणून सवलतच काढून टाकली, तर व्यापारी तगेल आणि शेतकरी जाईल. कारण व्यापाऱ्याजवळ वाट पाहण्यापुरता पैसा असतो, शेतकऱ्याजवळ नसतो. आमच्या मते सवलत असावी, पण तिच्यासाठी मालकाने काही बांधून घेतले पाहिजे. या दृष्टीने कॅलिफोर्नियाची कराराची कल्पना आम्हांस अधिक न्यायाची वाटते. समाज कर सोडतो तो मालकाच्या सोयीसाठी नव्हे; शहराच्या कडेला काही रान हिरवे राहावे आणि ते राखणारा माणूस तेथे टिकावा, यासाठी सोडतो. तो हेतू साधत नसेल, तर सवलत म्हणजे शेजाऱ्याच्या खिशातून दिलेली देणगीच.

आमच्या मित्राने पहिल्या वर्षाचा कर निमूटपणे भरला. नंतर काउंटीचे नियम मागवले, कुंपण नीट केले, शेजारच्या पशुपालकाशी चराईचा लेखी करार केला, आणि एप्रिलच्या आत अर्ज दिला. सात वर्षांपैकी एकच वर्ष रिकामे गेले होते, त्यामुळे इतिहासाची अट पुरी झाली आणि अर्ज मंजूर झाला. वडिलांना पाठवलेल्या पत्रात त्याने एक वाक्य लिहिले आहे: 'जमीन माझी झाली असे मला खरेदीखताच्या दिवशी वाटले होते; पण ती कशासाठी घेतली हे मला पहिल्यांदा त्या अर्जाने विचारले.' हा प्रश्न प्रत्येक जमीनमालकाला विचारला जावा, येथेही आणि तेथेही, एवढेच आमचे म्हणणे आहे.